पेटींत मावणारी करवत

औंढा नागनाथाहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिंगोली जिल्ह्यांत, शिरड शहापूर नांवाचें एक मोठें गांव आहे. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें यात्रेकरूंना तें परिचित आहे. इतरांना तें बहुधा मोटारीच्या खिडकींतूनच दिसतें. अशा गांवांतील एखादा तरुण सुतार आज नवें हत्यार घेण्यास बाजारांत निघाला, तर त्याच्यापुढें एक प्रश्न हटकून उभा राहतो. त्याचें काम आतां नांगर-तिफणीचें राहिलेलें नाहीं. दारांच्या चौकटीभोंवतीं नक्षीच्या पट्ट्या बसविणें, भिंतीच्या तळाशीं लांकडी पट्टी फिरविणें, कपाटांच्या कडा बिडिंगनें मढविणें हें त्याचें काम. या सर्व पट्ट्या कोपऱ्यावर एकमेकींना मिळतात त्या पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या कापानें. तो काप घेणारी विजेची करवत, जिला आपले कारागीर इंग्रजी नांवानेंच माइटर सॉ म्हणतात, ती हलकी घ्यावी कीं जड घ्यावी, हा तो प्रश्न होय.

प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराचा वाटतो. परंतु मला तो इतिहासाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे. हत्यार खांद्यावर घेऊन कामाच्या जागीं जावें, कीं काम हत्याराजवळ आणावें, या एका गोष्टीवर सुताराच्या धंद्याचें रूप दोन हजार वर्षें बदलत आलेलें आहे. ज्याला आपलें हत्यार उचलतां येतें तो आपल्या मर्जीचा धनी. ज्याला येत नाहीं तो कारखान्याचा नोकर. हें थोडें सोपें करून सांगितलें, तथापि मुळांत खोटें नाहीं.

शब्दांपासूनच आरंभ करूं. ‘सुतार’ हा शब्द संस्कृत ‘सूत्रधार’ यावरून आला. सूत्र धरणारा, म्हणजे लांकडावर दोरीनें रेघ मारणारा. नाटकांतील सूत्रधार आणि आपल्या गल्लींतील सुतार हे अशा रीतीनें सख्खे भाऊ ठरतात, मग नाटकवाल्यांस तें आवडो वा न आवडो. ‘करवत’ हें ‘करपत्र’ या संस्कृत शब्दाचें रूप. हातांतील पान, पातळ, दांतेरी पातें. काशीस जाऊन करवत घेण्याची जी जुनी समजूत आपल्या म्हणींतून व कथांतून ऐकूं येते, तींतली करवत ती हीच. सुताराला प्राकृतांत ‘वढकि’ असेंहि म्हणत. आतां हा शब्द मीं मुद्दाम काढला, कारण तो महाराष्ट्रांत एका फार महत्त्वाच्या जागीं कोरलेला आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृह आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. तें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. तेथें दात्यांचे लेख आहेत. कोणी व्यापारी, कोणी यवन, कोणी भिक्षु. त्यांतच एक लेख धेनुकाकटाच्या सामि नांवाच्या वढकीचा आहे. वेणुवासाचा पुत्र सामि यानें या गृहाचें द्वार केलें, असा त्याचा आशय. राजे, श्रेष्ठी यांच्या बरोबरीनें एका सुतारानें आपलें व आपल्या बापाचें नांव दगडावर ठेवावें, ही गोष्ट मला त्या लेण्यांतील सिंहस्तंभापेक्षांहि अधिक विचार करावयास लावते. आणि मान वर करून छताकडे पाहावें, तर दगडाच्या कमानीला लांकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. दगडी छताला त्यांच्या आधाराची कांहींएक गरज नाहीं. तरी त्या बसविल्या. कारण बांधणाऱ्यांच्या मनांत घर म्हणजे लांकडाचें घर होतें, आणि दगड हा त्याचा अनुवाद होता. यांतल्या पुष्कळ फासळ्या मूळच्याच असून आजहि जागच्या जागीं आहेत.

हा अनुवाद पुढें मराठवाड्यांत पूर्णत्वास गेला. वेरूळचें दहावें लेणें, इसवी सनाच्या सातव्या शतकांतील, विश्वकर्म्याचें लेणें म्हणून ओळखलें जातें. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव सुताराचें झोपडें असें आहे. तेथें छताच्या फासळ्याहि दगडांतच कोरल्या आहेत. कार्ल्याला लांकूड दगडावर चढविलें होतें; वेरुळाला दगडानेंच लांकडाचें सोंग घेतलें. स्तूपापुढें बसलेल्या बुद्धाच्या मूर्तीलाच सुतारमंडळी विश्वकर्मा समजून पूजा करीत आली. इतिहासाच्या दृष्टीनें ती चूक असेल. परंतु छत पाहून तिथें आपल्याच जातीचा कोणीतरी राबला आहे हें त्यांनीं ओळखलें, ही चूक मुळींच नव्हे.

मग हे जुने वढकि काम कसें करीत? जातककथांमध्यें अलीनचित्त जातक म्हणून एक कथा आहे. तिच्यांत वाराणसीजवळ पांचशें सुतारांचें एक गांव वर्णिलें आहे. ते नावेंत बसून नदीच्या वरच्या अंगास जात, रानांत झाडें तोडून तिथेंच घराचे खांब, तुळया, फळ्या तयार करीत, एक-मजली दोन-मजली घरांचे सांगाडे जुळवून पाहात, प्रत्येक तुकड्यावर खूण घालीत, आणि मग तें सारें नावेंत भरून नगरांत आणीत. कथा ही कथाच. परंतु तींतला तपशील ज्यानें लिहिला त्यानें सुतारकाम जवळून पाहिलेलें होतें, यांत शंका नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं हत्यारें माणसाबरोबर जात होतीं. लांकूड जड, हत्यार हलकें; तेव्हां हलक्यानें जडाकडे जावें हें शहाणपण तेव्हांहि ठाऊक होतें.

आपल्या गांवगाड्यांतील सुताराची पेटी आठवून पाहा. करवत, वाकस, पटाशी, किंकरें, रंधा, सामता, कानस, हातोडी आणि गुण्या. सगळें मिळून एका माणसाच्या खांद्याला सहज पेलेल एवढें. त्याला कामाचें मेज लागत नसे. तो जमिनीवर बसे, लांकूड पायाच्या अंगठ्यांत व टाचेखालीं धरी, आणि दोन्ही हात मोकळे ठेवी. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांना या बैठकीचें मोठें नवल वाटे. कित्येकांना ती आळसाची खूण वाटली. वास्तविक ज्याला दर दिवशीं निराळ्या अंगणांत काम करावयाचें, त्यानें आपलें मेज स्वतःच्या देहाचेंच करावें, यापेक्षां सोयीची युक्ति कोणती? आपल्याकडील पुष्कळशा जुन्या करवती ओढतांना कापीत. ओढलेलें पातें ताणलें जातें, वांकत नाहीं, म्हणून तें पातळ ठेवतां येतें. पातळ पातें कमी लांकूड खातें आणि बसलेल्या माणसाच्या हाताला हलकें लागतें. जपानी सुतारांनीं हेंच तत्त्व परमावधीस नेलें. युरोपांत ढकलतांना कापणारी, जाड पात्याची करवत रूढ झाली, कारण तेथला सुतार उभा राहून मेजावर काम करीत असे. दांते आळीपाळीनें डाव्या-उजव्या बाजूला वांकविले म्हणजे भुसा बाहेर पडतो व पातें अडकत नाहीं, ही गोष्ट रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच नोंदून ठेवली आहे. आजच्या कार्बाइडच्या दांत्यांतहि ती खुबी तशीच चालू आहे.

एक अडचण मात्र आपल्याकडे होती. गोदावरीपलीकडे निर्मळच्या बाजूला कोनसमुद्रम येथें जें पोलाद होई, त्याच्या तलवारींसाठीं इराणचे व्यापारी येत. म्हणजे उत्तम पोलाद नांदेडापासून फार दूर नव्हतें. पण तलवार वेगळी आणि करवत वेगळी. करवतीला सारख्या जाडीचा, लांब, पातळ पत्रा लागतो, आणि तो रुळांत दाबून काढावा लागतो. ही विद्या शेफील्डनें साधली आणि एकोणिसाव्या शतकांत विलायती करवत आपल्या सुताराच्या पेटींत शिरली.

आतां तिरक्या कापाकडे येतों. आपले जुने वाडे पाहिले तर पंचेचाळीस अंशांचा सांधा तेथें क्वचितच नजरेस पडतो. १७३० मध्यें पाया घातलेल्या शनिवारवाड्यासाठीं जुन्नरच्या रानांतून साग आणला. त्याचे सुरूदार खांब आणि महिरपी १८२८ च्या आगींत गेल्या. परंतु त्या घडणीचे इतर वाडे राहिले आहेत. त्यांच्या चौकटी पाहाव्या. उभा खांब, त्याला आडवें लांकूड. एकाला भोंक, दुसऱ्याला कुसू, आणि वरून लांकडी खुंटी. वरच्या पट्टीवर मध्यें गणपति. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांतहि तीच रीत, आणि ऐपतदाराच्या घरीं तक्तपोशीचें छत. हा सांधा डोळ्यांना दिसतो, आणि दिसावा अशीच अपेक्षा असते. तिरक्या सांध्याचें उलट आहे. त्यांत लांकडाचें तोंड, म्हणजे रेषा तुटलेली बाजू, लपवावयाची असते; नक्षी कोपऱ्यावरून वळून अखंड गेल्यासारखी दिसावी हा त्याचा हेतु.

आमच्या सुतारांना हा काप येत नव्हता असें कोणी समजूं नये. त्यांनीं तो टाळला, आणि टाळण्याला कारण होतें. लांकूड आपल्या लांबींत जवळजवळ बदलत नाहीं, रुंदींत मात्र बदलतें. पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. हिंगोली-परभणीकडचा मे महिना ज्यानें काढला आहे त्याला हें सांगावयास नको. आतां समजा, १०० मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत जोडल्या आणि वाळून प्रत्येक पट्टी २ मिलिमीटर अरुंद झाली. लांबी तीच राहिली, रुंदी घटली, म्हणून कापाचा कोन बिघडला. बाहेरचीं टोकें चिकटून राहिलीं आणि आंतील कोपऱ्यांत जवळजवळ ३ मिलिमीटरांची फट पडली. पावसाळ्यांत पट्टी फुगली कीं फट बाहेरच्या बाजूस सरकते. कुसवाच्या सांध्यांत हें पाप झांकून राहतें. ज्या हवेंत एका वर्षांत तीन निरनिराळे ऋतु लांकडाला पिळून काढतात, तेथें जुन्या माणसांनीं कुसू पसंत केलें तें अडाणीपणानें नव्हे.

तिरका काप मराठी घरांत खऱ्या अर्थानें शिरला तो दारांतून नव्हे, तर चित्रांच्या चौकटींतून, असें मला वाटतें. १८९४ मध्यें राजा रविवर्म्यानें मुंबईस आपला शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. लक्ष्मी, सरस्वती यांचीं रंगीत चित्रें स्वस्तांत मिळूं लागलीं आणि सामान्य घरांच्या भिंतींवर चढलीं. चित्राला कांच हवी, कांचेला चौकट हवी, आणि चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ तिरके काप हवेत. शहरोशहरीं चौकटी करणाऱ्यांचीं दुकानें निघालीं तीं या चित्रांच्या जोरावर वाढलीं. गंमत अशी, कीं मळवलीच्या स्टेशनावर उतरूनच कार्ल्याला व भाज्याला जावें लागतें. ज्या सामीनें लेण्याचें द्वार केलें त्याच्या पायथ्याशींच, एकोणीसशें वर्षांनीं, महाराष्ट्राच्या भिंतींना नव्या लांकडी चौकटी लावणारा धंदा उभा राहिला.

या दुकानांतलें हत्यार म्हणजे माइटर बॉक्स. मूळ रूपांत ती लांकडाची तीन फळ्यांची पन्हळ. दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांच्या खांचा, त्यांतून करवत चालवावयाची. कोणासहि घरीं करतां येते, आणि आठ-पंधरा दिवसांत खांचा झिजून रुंद होतात, मग कोन ढळतो. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोखंडी माइटर बॉक्स निघाले. मॅसॅच्युसेट्समधील लँगडन आणि पुढें मिलर्स फॉल्स, नंतर स्टॅन्ले, यांचीं नांवें हत्यारांच्या शौकिनांना ठाऊक आहेत. त्यांत करवत दोन उभ्या दांड्यांतून सरकते व खालचा फिरता हात अंशांच्या खुणांवर अडकतो. फिलाडेल्फियाच्या डिस्टनच्या लांब, पाठीला पट्टी असलेल्या करवती त्यांत बसवीत. आजच्या विजेच्या करवतीचा सगळा आराखडा त्या लोखंडी पेटींत तयार होता. उणीव होती ती फक्त मोटारीची.

इकडे खेड्यांतील सुतारावर काय प्रसंग आला होता तें पाहिल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बलुतेदारीची जी रचना दिसते तींत सुतार हा पहिल्या मानाचा बलुतेदार. तो वर्षभर नांगर, वखर, तिफण, गाडी दुरुस्त ठेवी आणि सुगीला धान्य घेई. पण त्याच्या बारा वर्षें आधीं, १९०३ मध्यें, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास लोखंडी नांगर केला होता. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराचें शेतीला भलें झालें, हें निर्विवाद. पण त्या प्रत्येक नांगराबरोबर कोठें तरी एका सुताराचें एक गिऱ्हाईक गेलें. मग रबरी धांवांची गाडी आली, विहिरीवर मोटेऐवजीं पंप आला, आणि शेवटीं ट्रॅक्टर. निजामी राजवट १९४८ मध्यें संपली, १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत. १९७२ च्या दुष्काळानें तर गांवेंच्या गांवें हलविलीं. या सर्व उलथापालथींत सुतारानें काय करावें? शेताकडची त्याची पाठ झाली आणि घराकडे तोंड झालें. दार, खिडकी, पलंग, कपाट. किनवटच्या सागाची जागा प्लायवुडनें घेतली, पॉलिशची जागा सनमायकानें. आणि प्लायवुडची कड उघडी दिसली तर वाईट दिसते, म्हणून तिला पट्टी आली, पट्टीला कोपरा आला, कोपऱ्याला तिरका काप आला. रविवर्म्याच्या चौकटीचा काप आतां सगळ्या घरभर पसरला.

यंत्राचा इतिहास मीं थोडक्यांत सांगतों, कारण तो मनोरंजक असला तरी आपल्या मुख्य मुद्द्याला त्यांतली एकच गोष्ट लागते. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यानें १७७७ मध्यें वर्तुळाकार करवतीच्या यंत्राचें पेटंट घेतलें. ही करवत गिरणींतली. तिला वाऱ्याची, पाण्याची, पुढें वाफेची शक्ति लागे. लांकूड तिच्याकडे न्यावें लागे. आपल्या आरागिरण्या याच वंशाच्या. एक मनुष्य वर व एक खालीं उभा राहून ओंडके कापणारे जुने करवते या यंत्रानें नाहींसे केले. म्हणजे दीडशें वर्षें यंत्र आणि पेटी यांची फारकत झाली होती: शक्ति गिरणींत, कौशल्य पेटींत.

ती फारकत विजेच्या लहान मोटारीनें मोडली. १८९५ मध्यें जर्मनींतील स्टुटगार्टच्या फाइन या कारखान्यानें हातांत धरतां येईल असें विजेचें भोंक पाडण्याचें यंत्र केलें. १९२२ मध्यें अमेरिकेंत रेमंड डीवॉल्ट यानें आडव्या हातावर सरकणारी करवत तयार केली. ती अचूक, पण मेजासह इतकी जड कीं एकदां ठेवली ती ठेवली. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या एड्मंड मिशेल यानें हातांत धरून चालविण्याची वर्तुळ-करवत केली. उसाच्या शेतांत कोयत्यांनीं तोडणी करणाऱ्या मजुरांना पाहून त्यानें प्रथम कोयत्यालाच मोटार लावून पाहिली, आणि त्यांतून ही करवत सुचली असें सांगतात. तीच पुढें स्किल या नांवानें जगभर गेली. ती हलकी होती, पण कोन धरण्याचें काम माणसाच्या मनगटावर पडे.

म्हणजे एक यंत्र अचूक पण जड, दुसरें हलकें पण कोनाला चंचल. या दोहोंचा मेळ १९६४ मध्यें झाला. अमेरिकेंतील रॉकवेल कंपनीनें जुन्या माइटर बॉक्सच्या फिरत्या बैठकीवर मोटारीची करवत बिजागरीनें बसविली. हात खालीं दाबला कीं पातें लांकडांतून उतरतें. १९८० च्या दशकांत जपानी कारखान्यांनीं पात्याला पुढेंमागें सरकण्यासाठीं दांड्या दिल्या, त्यामुळें लहान पात्यानेंहि रुंद फळी कापतां येऊं लागली. ज्या मकिताचें नांव आज आपल्या सुतारांच्या तोंडीं आहे, ती कंपनी १९१५ मध्यें मोटारी दुरुस्त करण्याचें दुकान म्हणून जपानांत निघाली होती. आपल्याकडे मुलुंडच्या रॅलीवुल्फनें विजेचीं हत्यारें कारागिरांच्या ओळखीचीं केलीं. १९९१ मध्यें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, आणि २००५ नंतर ती सुताराच्या हत्यारांत शिरली. जिथें अजून विजेचें मीटर बसलें नाहीं, किंवा जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व मुंबईकरास कळावयाचें नाहीं.

आतां आपल्या शिरड शहापूरच्या तरुणाकडे परत वळूं. बाजारांत त्याला स्थूलमानानें तीन मापांच्या करवती दिसतील. १२ इंची पात्याची, सरकत्या दांड्यांची. वजन २५ ते ३० किलो. १० इंची, साधी असेल तर १५ किलोच्या आसपास, सरकती असेल तर बरीच अधिक. आणि सव्वासात किंवा साडेआठ इंची. वजन सुमारें १० ते १५ किलो. दुकानदार सहसा मोठीकडे बोट दाखवितो. मोठींत सर्व कांहीं कापतां येईल, असा त्याचा युक्तिवाद. परंतु हा तरुण दररोज काय कापतो? दाराभोंवतालची पट्टी ६० ते १०० मिलिमीटर रुंद, भिंतीच्या तळाची तेवढीच किंवा थोडी अधिक, बिडिंग तर बोटभर. यासाठीं १२ इंचांचें पातें म्हणजे सुपारी फोडावयाला घण. शिवाय त्याचें काम आज औंढ्याला, उद्यां वसमतला, आणि हंगाम आला कीं नांदेडला किंवा पुण्याला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. मोटारसायकलवर मागें बांधून नेतां येतें तेंच यंत्र त्याचें; बाकीचीं टेम्पोवाल्याचीं.

हलकेपणाविषयीं एक गैरसमज रूढ आहे, कीं हलकें तें डळमळीत. अंशतः खरें आहे. स्वस्त सरकत्या यंत्रांच्या दांड्यांत ढिलाई असते. हात पूर्ण पुढें ओढून, डोकें डावी-उजवीकडे हलवून पाहिलें कीं ती लगेच हाताला लागते. पण पात्याच्या बाबतींत गोष्ट उलट आहे. त्याच जाडीचें लहान पातें मोठ्यापेक्षां कमी लवतें, म्हणून लहान करवतीचा काप पुष्कळदां अधिक स्वच्छ येतो. यंत्राबरोबर येणारें पातें बहुधा २४ दांत्यांचें, ओबडधोबड कामाचें असतें. पट्टीकामासाठीं त्याच मापाचें ४० ते ६० दांत्यांचें पातें घेण्यांत खर्चिलेला पैसा यंत्राच्या अश्वशक्तीवर खर्चिलेल्या पैशापेक्षां अधिक उपयोगी पडतो. परदेशांतून नातेवाइकानें आणून दिलेलें अमेरिकन यंत्र मात्र घेऊं नये. तें १२० व्होल्टांचें असतें, आणि आपल्याकडची वीज २३० व्होल्टांची.

अचूकपणाचा हिशेब आंकड्यांत मांडला म्हणजे त्याची निकड कळते. ७० मिलिमीटरांची पट्टी घ्या. यंत्राचा कोन अर्धा अंशच चुकला आहे असें समजा. दोन पट्ट्या मिळतात तेथें चूक एक अंशाची होते, आणि सुमारें ९९ मिलिमीटर लांबीच्या त्या तिरक्या सांध्याच्या एका टोकाला पावणेदोन मिलिमीटरांची फट उघडते. चित्राच्या चौकटींत आठ काप असतात. तेथें हीच चूक चार अंशांपर्यंत सांचते आणि शेवटचा कोपरा मिटतच नाहीं. म्हणून यंत्रावरच्या खुणांवर विश्वासूं नये. एका सरळ टाकाऊ पट्टीचे पंचेचाळीस अंशांत दोन तुकडे करावे, ते जोडून आंत गुण्या धरावा. चूक असेल तर गुण्या ती दुप्पट करून दाखवितो. शंभर मैल मोटारसायकलवर हादरत आलेल्या यंत्राची ही परीक्षा दर नव्या जागीं घ्यावी लागते, आणि तिला पांच मिनिटें पुरतात.

हलक्या यंत्राची खरी उणीव निराळीच आहे. त्याची बैठक आंखूड असते, आणि आठ फुटी पट्टी तिच्यावर ठेवली कीं दोन्ही टोकें लोंबतात व काप वर उचलला जातो. आपल्या सुतारांनीं यावर कोणत्याहि कंपनीस न विचारतां उपाय काढला आहे: प्लायवुडचे दोन ठोकळे, बैठकीच्या अचूक उंचीचे, डावी-उजवीकडे टेकण म्हणून ठेवावयाचे. काम जमिनीवर, यंत्र जमिनीवर, आणि मनुष्य उकिडवा बसलेला. इंग्रज लेखकांना ज्या बैठकीचें नवल वाटलें ती बैठक विजेच्या करवतीनेंहि मोडली नाहीं. एकच फरक पडला, आणि तो जीवावरचा आहे. पूर्वीं पाय लांकूड धरीत. आतां पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर मिनिटाला सुमारें पांच हजार फेरे घेणारें पातें असतें. छोट्या तुकड्याला हातानें किंवा पायानें धरण्याची जुनी संवय येथें घातक ठरते. संवय ही कौशल्याचाच भाग असल्यानें ती सोडणें कठीण. तरी यंत्राबरोबर येणारा शिकंजा पेटींतच पडून राहूं देणें हा शुद्ध आत्मघात होय.

आणि भुसा. करवतीचा भुसा जमिनीवर पडे आणि चुलींत जाई. या यंत्राची धूळ हवेंत तरंगते आणि बंद खोलींत छातींत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ मध्यें लांकडाच्या धुळीस मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणलें आहे. ज्या सुशिक्षित घरांत हें काम चालतें त्यांनीं कामगाराला चहाबरोबर खिडकी उघडी मिळते कीं नाहीं, एवढें पाहिलें तरी पुष्कळ होईल. बहुतेक घरांत धूळ शेजारीं जाऊं नये म्हणून दारें-खिडक्या घट्ट लावून घेतात, आणि सुताराला आंत कोंडतात.

तेव्हां त्या तरुणानें काय घ्यावें? माझ्या मतें साडेआठ इंचांच्या आंतील, दोन्ही बाजूंना झुकणारी नसली तरी चालेल अशी, पंधरा किलोच्या आंतली करवत. तिला बारीक दांत्यांचें पातें. आणि उरलेल्या पैशांत एक चांगला पोलादी गुण्या. दोन्ही बाजूंना झुकणाऱ्या यंत्राचें वजन वाढतें आणि पट्टी उलटी फिरवून तेंच काम साधतें. बॅटरीचें यंत्र घ्यावयाचें तर त्याच कंपनीच्या बॅटऱ्या आधींपासून जवळ असतील तरच. एरवीं ती चैन महाग पडते. मोठी करवत लागेल असें काम वर्षांतून एक-दोनदां येतें, आणि तेवढ्यापुरती आरागिरणी वसमतला आहे, नांदेडला आहे. लांकूड तेथें न्यावें, कापून आणावें, आणि कोपरे घरीं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, आपल्या हातानें मिळवावे.